बाजार शिका, पण बाजाराचे सावज होऊ नका!

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनाचा समारंभ भरतो. दि. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी याच भूमीवर विशाल जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. या समारंभातील पुस्तकांची दुकाने ही आमच्या समाजाची खरी श्रीमंती आहे. अशाच एका दुकानासमोर आम्ही उभे असताना पंचविशीतला एक तरुण दुकानदाराला विचारीत होता, "काका, शेअर मार्केट शिकवणारं पुस्तक आहे का?" दुकानदाराने नकारार्थी मान हलविली. तरुण निघून जाऊ लागला. आम्ही त्याला थांबविले आणि चहाला घेऊन गेलो.

पोरगा सिंदेवाही तालुक्यातला. आयटीआय झालेला, एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. मोबाइलवर 'ऑप्शन' घेतो म्हणाला. पहिल्या आठवड्यात चार हजार सुटले. पुढच्या चार महिन्यांत साठ हजार गेले. त्यातले पंचवीस हजार आईने बचत गटातून उचललेल्या कर्जाचे होते. आईला वाटते, पोराने संगणकाच्या कोर्सची फी भरली. आम्ही विचारले, "मग आता पुस्तक कशाला पाहिजे बाबू?" तो म्हणाला, "काका, मले टेक्निक मालूम नव्हती ना. शिकलो की निघते सगळं."

त्याच्या या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. आपण हरलो ते न शिकल्यामुळे, हे त्याला कळले होते. परंतु शिकायचे म्हणजे काय, हे त्याला कुणीच सांगितले नव्हते. सांगणारे जे भेटले ते मोबाइलच्या पडद्यावरचे, महागड्या गाडीला टेकून उभे राहणारे आणि 'महिन्याला लाख कमवा' म्हणणारे. चळवळीतले आपण मात्र या विषयावर गप्प आहोत. आपल्या वस्तीतला पोरगा रात्री-बेरात्री मोबाइलमध्ये काय करतो, हे आपण विचारीत नाही. म्हणून आज हा विषय.

या प्रश्नावर आपल्यात दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, शेअर बाजार म्हणजे भांडवलदारांचा जुगार. आंबेडकरी माणसाने तिकडे फिरकू नये. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, याची आठवण हे लोक करून देतात. दुसरे मत असे की, आता नोकऱ्या संपल्या, आरक्षण कागदावर उरले, तेव्हा पोरांनी ट्रेडिंग करून श्रीमंत व्हावे. आम्हाला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. पहिले मत आपल्याला अडाणी ठेवते आणि दुसरे मत आपल्याला नागवते.

ज्या बाबासाहेबांनी भांडवलशाहीला शत्रू म्हटले, तेच बाबासाहेब या बाजाराचे या देशातील अव्वल दर्जाचे अभ्यासक होते, हे आपण विसरतो. १९१७ साली ते परदेशातून परतले. बडोद्याची नोकरी जातीच्या छळामुळे सोडावी लागली. त्यानंतर मुंबईत त्यांनी पोटापाण्यासाठी जे उद्योग केले, त्यात शेअरच्या व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसायही होता. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक पाठ फिरवू लागले आणि तो व्यवसाय बंद पडला. विद्या होती, पदवी होती, परंतु जातीने बाजाराचा दरवाजा लावून घेतला. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ साली त्यांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर भारतीय चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. म्हणजे पैसा कसा चालतो, त्याचे मोल का घटते, कुणाच्या फायद्यासाठी घटते, याचा छडा लावणारा माणूस आमचा बाप आहे. त्याच्या लेकरांनी बाजाराला घाबरावे किंवा बाजारात आंधळेपणाने उडी घ्यावी, या दोन्ही गोष्टी त्याच्या नावाला शोभत नाहीत.

आणि बाजारापासून दूर राहतो म्हणणारा माणूस तरी दूर आहे कुठे? महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आमच्या शिक्षकांची, तलाठ्यांची जुनी पेन्शन गेली आणि त्यांच्या पगारातून कापलेला पैसा बाजाराशी जोडलेल्या योजनेत जाऊ लागला. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग ऑगस्ट २०१५ पासून शेअर बाजारात गुंतविला जातो. चंद्रपूर जिल्ह्याचा तर नकाशाच बाजाराचा आहे. वेकोलिच्या खाणीची मालकी कोल इंडियाकडे, आणि कोल इंडियाचा शेअर नोव्हेंबर २०१० पासून बाजारात विकला जातो. घुग्घुसजवळची चांदा सिमेंट, आवारपूरची सिमेंट फॅक्टरी, सगळ्यांचे कागद मुंबईत रोज हातोहात फिरतात. आमच्या उशाला असलेला कोळसा आणि चुनखडी तिकडे भाव होऊन चढते-उतरते आणि धूळ मात्र आमच्या छातीत उतरते. ज्या बाजाराने आपले आयुष्य ठरते, तो बाजार न समजणे ही क्रांती नव्हे.

आता त्या पोराच्या मोबाइलकडे वळू. सेबी ही शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा कमावणारे किती? शंभरात एक! या लोकांनी तीन वर्षांत दलाली, बाजाराचे शुल्क आणि कर यांपोटी सुमारे ५० हजार कोटी रुपये भरले. म्हणजे पोरगा हरो की जिंको, मधल्या माणसाचे दुकान चालूच. २०२४-२५ या वर्षातही ९१ टक्के लोक तोट्यात गेले आणि बुडालेली रक्कम १ लाख ५ हजार कोटींच्या वर होती.

हे बुडणारे कोण आहेत? सेबीच्याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये त्यातले ७५ टक्क्यांहून अधिक लोक वर्षाला पाच लाखांपेक्षा कमी उत्पन्न सांगणारे होते. ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते. बहुसंख्य लोक मोठ्या शहरांबाहेरचे होते. म्हणजे हा सिंदेवाहीचा पोरगा एकटा नाही. आणि जिंकणारे कोण? त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि विदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा मिळविला. तोही बहुतांश संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून. आमचा पोरगा बसस्टँडवर अंगठ्याने बटण दाबतो आणि समोर डोळ्याचे पाते लवण्याआधी शेकडो सौदे करणारे यंत्र बसलेले असते. ही लढाई बरोबरीची नाही. इथे 'टेक्निक' शिकून काही होत नाही.

मग शिकायचे कुठे? आमचे उत्तर ऐकून काही जण हसतील. आम्ही म्हणतो, गडचिरोलीच्या तेंदूच्या फळीवर शिका.

तेंदूपत्त्याचा व्यापार १९६९ च्या कायद्याने शासनाच्या हाती गेला. वनखाते लिलाव करी, ठेकेदार पाने नेई आणि आमचा आदिवासी, आमचा बौद्ध मजूर भर उन्हात पाने तोडून मजुरी घेई. भाव ठरविण्यात त्याला जागाच नव्हती. २००६ चा वनहक्क कायदा आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. दि. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक या गावाच्या ग्रामसभेकडे सोपविले. देवाजी तोफा यांच्या या गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली होती. त्या दिवशी 'आमच्या मालाचे आम्हीच व्यापारी' हेही सिद्ध झाले. त्यानंतरच्या वर्षांत गडचिरोलीतील शेकडो ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी करारपत्र वाचले नव्हते, ते लोक निविदा काढू लागले, लिफाफे सर्वांसमक्ष फोडू लागले, ठेकेदाराशी भाव करू लागले. नवशिक्याने बाजार कसा शिकावा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

यातला पहिला धडा असा की, विकायचा माल ओळखा. सत्तर पानांचे एक पुडके आणि अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, हे फळीवरच्या म्हातारीलाही पाठ असते. कोणते पान चालेल, कोणते फेकले जाईल, हे ती हाताच्या स्पर्शाने सांगते. आमच्या पोराला मात्र आपण काय विकत घेतले, हेच ठाऊक नव्हते. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक बारीक तुकडा. ती कंपनी काय बनविते, तिच्यावर कर्ज किती, नफा होतो की नाही, हे तिच्या वार्षिक अहवालात छापलेले असते आणि तो अहवाल फुकट वाचता येतो. जो हा अहवाल वाचू शकत नाही, त्याने शेअर घेण्याची घाई करू नये.

दुसरा धडा वायद्याचा. तेंदूचा करार पाने तोडण्याच्या आधीच होतो. झाडाला पालवी फुटायची असते आणि उन्हाळ्यातल्या पानाचा भाव आधीच ठरलेला असतो. हाच वायदा! त्यातला धोका आमच्या ग्रामसभांनी अंगावर झेलला आहे. २०१७ च्या हंगामात पत्त्याचे भाव खूप चढले. त्याच वर्षी जुलैपासून पत्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला. २०१८ मध्ये भाव कोसळले. चढत्या भावाने हुरळून गेलेल्यांना पुढच्या वर्षी जमिनीवर यावे लागले. गेल्या वर्षीचा भाव म्हणजे यंदाचा भाव नव्हे, हे ज्ञान ग्रामसभांना असे मिळाले. ऑप्शन म्हणजे याच वायद्याचा बयाणा. ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क तुम्ही बयाणा देऊन घेता. तारीख निघून गेली आणि भाव तुमच्या बाजूला आला नाही, तर बयाणा बुडाला. ठेकेदार निदान पाने नेऊन विडी कारखान्याला देतो. आमच्या पोराच्या हाती ना पान, ना विडी! आठवड्याची तारीख संपली की खाते रिकामे.

तिसरा धडा समोरचा कोण, हे तपासण्याचा. ज्या ग्रामसभांनी आगाऊ रक्कम न घेता, नुसत्या शब्दावर माल उचलू दिला, त्यांना वसुलीसाठी चकरा माराव्या लागल्या. त्यातून लेखी करार, आगाऊ हप्ता आणि पैसे मिळाल्यावरच माल उचलण्याची अट आली. बाजारातही तेच. दलाल, सल्लागार हे सेबीकडे नोंदलेले आहेत की नाहीत, हे सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. व्हॉट्सॲपच्या गटात कुणी 'टिप' देतो, अनोळखी ॲप उतरवून घ्यायला लावतो, पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात टाकायला सांगतो, तर तो ठग समजावा. 'हमखास परतावा' हे शब्द ऐकू आले की उठून निघावे. शेअर बाजारात हमखास परतावा नसतो.

हा धडा आमच्या समाजाने फार महाग किमतीला घेतला आहे. आठवा ते पर्ल्सचे दिवस. पीएसीएल या कंपनीने जमिनीच्या नावाखाली देशभरातील कोट्यवधी लोकांकडून ४९ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा केली होती. दि. २२ ऑगस्ट २०१४ रोजी सेबीने ते पैसे परत करण्याचा आदेश दिला. असल्या योजनांचे एजंट कोण असतात? गावातला सुशिक्षित बेकार, ओळखीचा, 'जयभीम' म्हणून घरात येणारा आपलाच माणूस. तोही फसलेला आणि त्याच्या शब्दावर भावकीही फसलेली. तेव्हा 'आपला माणूस आहे' ही तपासणी नव्हे. कागद हीच तपासणी.

चौथा धडा संघटनेचा. एकेक गाव वेगवेगळे विकायला बसले की ठेकेदार आपसात ठरवून भाव पाडतात. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी म्हणून महाग्रामसभा उभी केली. एकत्र बसून चर्चा करायची, हिशेब सर्वांपुढे मांडायचा, ही त्यांची रीत. आमचा पोरगा याच्या अगदी उलट करतो. तो एकटा सौदा करतो, एकटा हरतो आणि लपवून ठेवतो. लपविलेला तोटा दुप्पट होतो, कारण तो भरून काढण्यासाठी माणूस पुन्हा डाव टाकतो. सेबीला असे आढळले की, सतत तोट्यात जाणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक तरीही सौदे करीतच राहिले. ही दारूच्या गुत्त्यावरची चाल आहे.

पाचवा धडा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे गाव आहे. २०१२ मध्ये त्याला सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. गाव बांबू विकते. परंतु तेंदूपत्ता विकायचा नाही, असे या गावाने ठरविले. कारण तेंदूसाठी झुडपे छाटावी लागतात, आगी लागतात, जंगलाचे नुकसान होते. हाती येणारा पैसा त्यांनी समजून-उमजून नाकारला. सौदा न करणे हाही निर्णय असतो आणि बरेचदा तोच शहाणपणाचा असतो. ट्रेडिंगचा कुठलाही क्लास हा धडा शिकवीत नाही, कारण तुम्ही सौदा केला नाही तर दलालाला दलाली कुठून मिळणार?

आता कुणी म्हणेल, ऑप्शन सोडा, मोठ्या नावाच्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवले तर? त्याचेही उत्तर आपल्या जिल्ह्यात आहे. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे तिला सरकारी कराराने, सवलतीने मिळाला. तिचे नाव देशभर. जुनी कंपनी, मोठा कारखाना, हजारो कामगार, तेव्हा शेअर बुडेल कसा? परंतु कर्ज वाढत गेले आणि जानेवारी २०२० मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२३ मध्ये ती नव्या मालकाकडे गेली, तेव्हा जुन्या सामान्य भागधारकाच्या हाती काही उरले नाही. धुराडे दिसते म्हणून कंपनी धडधाकट असते असे नव्हे. कर्जाचा आकडा धुराड्यातून दिसत नाही, तो ताळेबंदात दिसतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण गडचिरोलीतच घडले. दि. १ जानेवारी २०२५ रोजी कोनसरी येथे मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत लॉइड्स मेटल्सच्या कामगारांना कंपनीचे शेअर नाममात्र दराने देण्यात आले. त्यात स्थानिक आदिवासी कामगार होते. बाजारात त्या वेळी या शेअरचा भाव हजार रुपयांच्या वर होता. ज्यांनी आयुष्यात कधी डिमॅट हा शब्द ऐकला नव्हता, ते एका दिवसात भागधारक झाले. कामगाराला मालकीचा वाटा मिळतो, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु दोन गोष्टी बजावून सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, ज्या कंपनीत तुमची रोजी, त्याच कंपनीत तुमची सगळी पुंजी, ही स्थिती धोक्याची आहे. कंपनी अडचणीत आली तर दोन्ही एकदमच जातील. म्हणून शेअर कुणा दलालाच्या सांगण्यावरून घाईने विकू नयेत, पण सगळे त्यातच अडकवूनही ठेवू नयेत. भाव वाढतो तसा पडतोही, हे या कामगारांना त्यांच्या भाषेत, माडियात, गोंडीत समजावून सांगणारा माणूस हवा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. सुरजागडच्या पहाडीवर ठाकूरदेवाचे स्थान आहे. त्या परिसरातील ग्रामसभांनी खाणीला वर्षानुवर्षे विरोध केला. शेअर कामगाराला मिळाला, पहाडाच्या मूळ धन्याला, म्हणजे ग्रामसभेला, मालक म्हणून काय मिळाले? चार कागद हाती आले म्हणून पहाडाचा प्रश्न मिटत नाही. उद्या भागधारक झालेला भाऊ आणि जंगल राखू पाहणारा भाऊ एकमेकांसमोर उभे केले जाऊ नयेत, याची काळजी चळवळीने घेतली पाहिजे. बाजार समजून घ्यायचा तो एवढ्याचसाठी की, आपल्या मालाची किंमत आपल्याला कळावी आणि आपल्या संमतीशिवाय ती कुणी ठरवू नये.

तेव्हा नवशिक्याने करावे काय? आम्ही काही बाजारपंडित नाही. परंतु अभ्यासाअंती जे पटले ते सांगतो. सावकाराचे, बचत गटाचे, मायक्रोफायनान्सचे कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडावे. कर्जाच्या पैशाने बाजारात पाऊल टाकू नये. सहा महिन्यांचे घरखर्चाचे पैसे बँकेत किंवा पोस्टात असावेत. घरातल्या कमावत्याचा विमा असावा. त्यानंतर सहा महिने एक पैसाही न घालता वहीवर सौदे करावेत. आज घेतला असता तर काय झाले असते, दलाली आणि कर धरून हिशेब लिहावा. वही खोटे बोलत नाही. खरोखर गुंतवणूक करायचीच, तर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा एकत्र गठ्ठा घेणाऱ्या इंडेक्स फंडात दरमहा थोडी थोडी रक्कम, तीही सात-दहा वर्षे लागणार नाही अशी, टाकावी. तिथेही भाव पडतो, परंतु एका कंपनीबरोबर सगळे बुडत नाही. खात्याला वारसाचे नाव लावावे. पासवर्ड आणि ओटीपी सख्ख्या मेहुण्यालाही देऊ नये. फसवणूक झाली तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार यंत्रणेकडे दाद मागता येते, आणि मोबाइलवरून पैसे उडाले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. ऑप्शन आणि वायद्याच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये.

हे सारे एकट्याने शिकायची गोष्ट नाही. 'शिका' नंतर बाबासाहेबांनी 'संघटित व्हा' सांगितले आहे. आमच्या गावोगावी बुद्धविहारे आहेत, समाजमंदिरे आहेत, वाचनालये आहेत. रविवारी वंदनेनंतर एक तास अर्थशिक्षणाचा वर्ग का भरू नये? बँकेतून निवृत्त झालेले, वाणिज्य शाखेचे प्राध्यापक, वेकोलिच्या लेखा विभागातले आमचे बांधव जागोजागी आहेत. सेबीचे प्राथमिक साहित्य मराठीत फुकट मिळते. एका रविवारी पासबुक वाचायला शिकवा, दुसऱ्या रविवारी ताळेबंद, तिसऱ्या रविवारी व्याजाचे गणित. कुठल्याही कंपनीचा एजंट या वर्गात बोलवायचा नाही आणि कुणालाही काही विकायचे नाही, हे दोन नियम पाळा. ग्रामसभेतला एखादा अनुभवी कार्यकर्ता बोलवा आणि निविदा कशी फोडतात, ठेकेदाराला कसे नाही म्हणतात, ते त्याच्या तोंडून ऐका. आणि आया-बहिणींना आधी बसवा, कारण घरातले कर्ज त्यांच्याच नावावर निघते आणि फेडायचेही त्यांनाच असते.

त्या दिवशी चहा संपला तेव्हा पोराने पुन्हा विचारले, "मग काका, पुस्तक कोणतं घेऊ?" आम्ही म्हणालो, "पुस्तक मग घे बाबू. आधी घरी जा आणि आईला खरं सांग. गटाच्या वहीत किती बाकी आहे ते दोघं मिळून लिहून काढा. तोच तुझा पहिला ताळेबंद." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग दुकानाकडे परत गेला आणि 'रुपयाचा प्रश्न' हातात घेऊन चाळत उभा राहिला. घेतला की नाही, ते गर्दीत आम्हाला दिसले नाही.

असे पोरे आज प्रत्येक वस्तीत आहेत. ती वाईट नाहीत. त्यांना बापाच्या मजुरीतून बाहेर पडायचे आहे आणि ही इच्छा आमच्या चळवळीनेच त्यांना दिली आहे. ठगांच्या आधी त्यांच्यापर्यंत आपण पोहोचणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. पुढच्या रविवारी आपल्या विहारात पहिला वर्ग भरवा आणि फळ्यावर पहिला आकडा लिहा : शंभरात त्र्याण्णव.

जयभीम!